जावयाचं ताट

त्या काळी जावयाच्या हातात एकच हत्यार असायचं, रुसण्याचं. मी ते माझ्या लग्नातच वापरून बघितलं होतं. पंगत बसली, लापशी वाढून झाली, आणि मी मनगटी घड्याळासाठी मान फिरवून बसलो. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीतल्या कुणीही ताटाला हात लावायचा नाही, अशी माझ्या सासरवाडीची रीत होती. शंभर-दीडशे माणसं गार होत चाललेल्या लापशीकडं बघत बसली, लेकरं रडायला लागली, आणि शेवटी माझे सासरे हात जोडत पुढं आले. घड्याळ कबूल झालं. मी घास घेतला. त्या घासाची गोडी मला बरेच दिवस पुरली.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी सासरवाडीच्या माणसांना बरीच नावं ठेवणार आहे, आणि ती ठेवणारा कोण होता हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

आमचं घर बारामती तालुक्यात, कोऱ्हाळ्याच्या बाजूला. पाटाचं पाणी शिवारात फिरलेलं, त्यामुळं ऊस, वांगी, मिरची आणि दारात पेरूची दोन झाडं. आजोबांपर्यंत आमच्याही घरात मेंढरं होती. आजोबांनी कळप विकला, वडलांनी मळा केला आणि मी शिकून प्राथमिक शाळेत मास्तर झालो. दोन पिढ्यांत आमच्या अंगाचा लोकरीचा वास गेला, आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःला फार सुधारलेले समजत होतो. पाहुणा आला की माझी आई घाईघाईनं घोंगडी आत टाकायची आणि सतरंजी काढायची.

सासरवाडी इंदापूर तालुक्यात, डाळजच्या शिवारात, गावापासून लांब एका वस्तीवर. तिथं पाट नव्हता. कुठल्याशा दुष्काळी कामावर लोकांनी माती टाकून बांधलेला एक तलाव होता, उन्हाळ्यात त्याचं पाणी गुडघ्यावर यायचं. सासऱ्यांनी निम्मा कळप विकून थोडी जमीन केली होती, पण जीव सगळा मेंढरांत. बोलणं मेंढरांचं, भांडण मेंढरांवरून, अंथरुणालाही वास मेंढरांचाच. दोन मेव्हणे, दोघंही अंगानं दांडगे आणि दोघांनाही अक्षरओळख नाही. मी ओसरीवर वर्तमानपत्र उघडलं की दोघं समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडं बघायचे. जनावरं अशीच बघतात, असं मी मनात म्हणायचो. आणि मग मुद्दाम मोठ्यानं वाचायचो.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाडात सासऱ्यांचं बोलावणं आलं. साल पंचावन्न-छप्पन असावं. श्रावण लागला की महिनाभर मांस-मच्छी बंद, म्हणून त्याआधी जावयाला बोलावून पोटभर खाऊ घालायचं, हे आमच्याकडं घरोघर चालतं. बायको आठ दिवस आधीच माहेरी गेली होती. ती निघायच्या आदल्या सकाळी, मी दाढी करत असताना, तिनं मला एक गोष्ट सांगितली. तिला दिवस गेले होते. तिसरा महिना नुकताच लागला होता.

"तीन म्हयनं भरूस्तवर कुणाला बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "आईलाबी न्हाय. थोरल्या ताईनं लवकर सांगितलं, आन् मग राह्यलं न्हाय. तुमच्याबिगर कुणालाच ठावं न्हाय हे."

मी आरशातूनच मान हलवली. आनंद झाला, नाही असं नाही. पण डोक्यात त्या दिवसांत सायकल होती.

शाळा घरापासून तीन मैलांवर होती आणि मी रोज चालत जायचो. गावातल्या दुसऱ्या एका मास्तराला सासरवाडीनं सायकल दिली होती, ती तो शाळेच्या दारातच उभी करायचा, सगळ्यांना दिसेल अशी. तेव्हा या आखाडात सायकलवर रुसायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. आता रुसण्याचे नियम असे: एका भेटीत एकदाच रुसता येतं. दुसऱ्यांदा रुसणारा जावई हलका ठरतो, लोक हसतात, आणि पदरात काही पडत नाही. म्हणून रुसायचं ते जपून, सगळ्यात मोठ्या ताटावर. मी तीन दिवस राहणार होतो. तिसऱ्या दिवशी सासरे मेंढा कापणार होते, भावकी जेवायला येणार होती. ती पंगत मी नक्की केली होती. शाळेच्या तपासणीची तयारीसुद्धा मी कधी इतक्या काळजीनं केली नाही.

बारामतीहून भिगवणपर्यंत एसटीनं गेलो. पुढं न्यायला धाकटा मेव्हणा बैलगाडी घेऊन आला होता. वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार होती. पाय धुवायला पाणी आलं आणि त्या पाण्याला वास होता, कुजक्या गवताचा. मी सासूबाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "तळ्याचं हाय. पियाला आडाचं आणतो, पाव्हणं. ह्ये नुस्तं वापराया."

संध्याकाळी फिरायला म्हणून तलावाकडं गेलो. दाराला लावायचा हिरवा रंग असतो ना, तसं पाणी झालं होतं. वाऱ्यानं बांधाच्या अंगाला ढकललं गेलेलं ते हिरवं दाट होऊन सायीसारखं धरलं होतं. काठावर दोन लहान पाखरं मरून पडली होती.

आठ-दहा दिवसांपूर्वी तिकडं एक जोराची सर येऊन गेली होती. तलावाच्या वरच्या अंगाला सासऱ्यांचा मेंढरवाडा. तिथं साठलेली सगळी लेंडी धुऊन पाण्यात उतरली, मग आभाळ फाकलं आणि कडक ऊन पडलं. हे मी आज जोडून सांगतो आहे. पुष्कळ वर्षांनी जनावरांच्या एका डॉक्टरनं मला समजावलं, की अशा पाण्यात विषारी शेवाळ माजतं आणि पाणी उकळलं तरी त्यातलं विष जात नाही. तेव्हा मला एवढंच कळलं, की हे पाणी घाण आहे. आणि ही माणसं यात भांडी धुतात, या विचारानं मला जरा बरंच वाटलं. आपण कोण आणि हे कोण, ते पुन्हा एकदा ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला मेव्हणा धावत आला. "आबा, मासं वर आल्यात! हातानं धरा अशी मरळ हाय!"

मग काय विचारता. सगळं घर निघालं. सासरे, दोन्ही मेव्हणे, पाटी घेऊन सासूबाई, मागं माझी बायको आणि शेपटी हलवत घरचं काळं कुत्रं. मला बांधावरच्या बाभळीखाली घोंगडी अंथरून बसवलं. पाहुण्यानं चिखलात उतरायचं नसतं. मी चपला बाजूला काढून एखाद्या साहेबासारखा बसलो.

मासे खरंच वर आले होते. तोंड वर काढून, आ करून, बांधाच्या कडेनं गुंगीत फिरत होते. काही उताणे झाले होते. सासऱ्यांनी कमरेवर हात ठेवून ते सगळं बघितलं आणि ठामपणे निकाल दिला.

"हिंगणबेट टाकलंय कुणीतरी. पलीकडच्या वस्तीवरल्यांनी. मासं गुंगवून ठेवल्यात, आन् आता येतील धराया. त्येंच्या आदी आपुनच उचलू."

हिंगणबेटाची फळं कुटून पाण्यात टाकली की माशांना गुंगी येते, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तसे धरलेले मासे खाऊन माणसाला काही होत नाही, हेही खरं. सासऱ्यांनी सगळं आयुष्य तसे मासे खाल्ले होते. त्यामुळं पाणी हिरवं का, वास कशाचा, पाखरं कशानं मेली, असले प्रश्न त्यांच्या डोक्यात आलेच नाहीत. उत्तर आधीपासून खिशात होतं.

आणि मासे धरायची त्यांची पद्धत! जाळं नाही, गळ नाही. ही माणसं मासे हाकत होती. सासूबाईंच्या एका जुन्या लुगड्याची दोन टोकं थोरला मेव्हणा आणि सासरे धरून उभे, आणि धाकटा कमरेएवढ्या पाण्यात काठी आपटत, मेंढरांना घालतात तशी हाळी घालत, माशांना त्या लुगड्याकडं वळवतोय. "हुर्रर्र! हैक हैक!" एखादी मरळ बाजूनं निसटली की सासरे तिला कळपातून फुटलेल्या मेंढीला देतात तीच शिवी द्यायचे. मी बाभळीखाली बसून पोट धरून हसलो. शाळेत सांगायला किस्सा मिळाला, असं वाटलं. त्या हिरव्या पाण्यानं तिघांच्याही मांड्या माखल्या होत्या.

तेवढ्यात गडी मेंढरं पाण्यावर घेऊन आला. पुढची मेंढी काठावर आली, तिनं नाक खाली नेलं, फुरफुरली आणि मागं वळली. तिच्यामागं सगळी वळली. गड्यानं पुन्हा हाकली, पुन्हा वळली. सासऱ्यांनी पाण्यातूनच ओरडून सांगितलं, "न्हे तिकडं! मासं बुजवतील!" मेंढराच्या खोकल्यावरून त्याचा रोग सांगणारा हा माणूस. जन्मभर मेंढरांच्या तोंडाकडं बघत जगला, आणि मेंढरं तोंडानं काहीतरी सांगत होती त्याच दिवशी त्यांच्यावर खेकसला. हे मी तेव्हाही टिपलं. मला सगळं दिसत होतं, हेच तर सांगायचं आहे.

बायको पाटी घेऊन माझ्याजवळून जाताना थांबली. वाकून पाटीतले मासे सारखे केल्यासारखं करत हळूच म्हणाली, "आवं, ते पाणी बरं न्हाय. कुत्रं बघितलं का?"

काळं कुत्रं मघाशी पाण्यात जाऊन आलं होतं आणि अंगावरचा हिरवा लेप चाटत बसलं होतं. आता उठून चालायला लागलं, तर मागचे पाय लटपटत होते.

"ह्ये हिंगणबेट न्हवं," ती म्हणाली. "मी आबांना म्हनलं, तर म्हणत्यात, तुला काय कळतंय. माजं न्हाय ऐकायचे. तुमचं ऐकतील. तुमी ताटावर रुसा. कोंबडं कापा म्हणा, मासा नगं म्हणा. तुमी घास घेतला न्हाय तर कुणीच घ्यायचं न्हाय."

यापेक्षा सोपं काम कुठल्या जावयाला कधी सांगितलं गेलं नसेल. मान फिरवायची आणि कोंबडं मागायचं. वर मानच मिळाला असता. पण कोंबड्यावर रुसलो, तर उद्या सायकलवर कसा रुसणार?

"बघू," मी म्हणालो.

ती दोन पावलं गेली, पुन्हा वळली. स्वतःच्या पोटाकडं नजर टाकून तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा मान हलवली, दाढी करताना हलवली होती तशीच.

त्या घरात आणखी एक रीत होती. मासा ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात शिजवायचा. आडाच्या पाण्यात तो पुळचट होतो म्हणे. सासूबाईंनी तलावातली एक घागर कालवणासाठी वेगळी भरून आणली, फडक्यातून गाळली, आणि फडक्यावर राहिलेला हिरवा थर दारातल्या दगडावर झटकला. मी ओसरीवरून बघत होतो. चुलीवर रस्सा उकळायला लागला, लसूण-मिरचीचा खमंग वास सुटला आणि त्या वासानं बाकी सगळे वास झाकले. मेव्हणे सारखे आत डोकावत होते.

भर दुपारी पंगत बसली. मला पाट, पुढं पितळी ताट. सगळ्यात मोठ्या मरळीचं मुंडकं जावयाचं, म्हणून ते माझ्या ताटात, आणि भोवती दाट रस्सा. तीन पुरुष माझ्याकडं बघत हात राखून बसले. आतल्या दारात बायको उभी होती, तीही बघत होती.

इथं मी जे केलं ते मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, तो रश्शावरून नुसता फिरवला, आणि खर्ड्याला लावून तोंडात घातला. पंगतीला दिसला पहिला घास. "घ्या," मी म्हणालो. तिघं तुटून पडले. भुरके मारत, काटे थुंकत, बोटं चाटत ते जेवले आणि मी खर्डा, कांदा नि भाकरी खात राहिलो. मधूनमधून मुंडकं इकडून तिकडं वळवायचो, बोटानं रस्सा ढवळायचो. कुणाच्या लक्षात आलं नाही. ही माणसं जेवताना ताटाबाहेर बघत नाहीत, असं मी मनात म्हणालो. मान राहिला, पोट राहिलं, सायकलही राहिली. हात धुऊन मी कडुलिंबाखालच्या बाजेवर आडवा झालो आणि अगदी समाधानानं डोळे मिटले.

रीतींची थट्टा करता करता एक रीत मी विसरलो होतो. ती माझ्याही घरात रोज पाळली जायची, म्हणून तिच्याकडं रीत म्हणून कधी लक्षच गेलं नव्हतं. नवऱ्याचं जेवण झालं की त्याच ताटात बायको जेवते.

बाजेवर डोळा लागत होता तेवढ्यात ती आली. पदराला हात पुसत होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून बाजेच्या कडेला जरा टेकली. चेहरा असा हसरा होता की मी उठून बसलो.

"येवढं समदं माज्यासाठनं ठिवलं व्हय?" ती म्हणाली. "मुंडकं तसंच, रस्सा तसाच. मला वाटलं हुतं, तुमच्या ध्यानातबी न्हाय. तुमी आदी घास घेतला, तवा म्हनलं, तुमी शिकल्यालं, काय वाईट न्हाय म्हणून तर खाताय. मग खाल्लं मी. लई दिवसांनी पोटभर जेवले."

मी काय करायला हवं होतं, ते आजही मला पाठ आहे. ऊठ म्हणायला हवं होतं. घशात बोटं घाल, मिठाचं पाणी पी, आईला बोलाव. त्यासाठी आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं: मला भीती वाटली म्हणून मी खाल्लं नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती तशी त्याआधी कधी बघितली नव्हती, आणि ती नजर मला हवी होती.

"बरं झालं," मी म्हणालो.

दिवस मावळायच्या आत धाकट्या मेव्हण्याला पहिली उलटी झाली. मग थोरल्याला, मग सासऱ्यांना. सासूबाई सगळ्यांना लिंबूपाणी देता देता स्वतःच भिंतीला धरून बसल्या. माझी बायको शेवटी पडली आणि सगळ्यांत वाईट पडली. उलट्या थांबेनात, पोटात कळा यायला लागल्या, आणि ती दोन्ही हात ओटीपोटावर दाबून धरून एकच म्हणत होती, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे." बाकीच्यांना वाटलं, ती औषध नको म्हणते आहे.

घरात उभा राहू शकणारा मी एकटा होतो. गडी गाडी जुंपून भिगवणला डॉक्टर आणायला गेला. मी आडावरून पाणी ओढलं, घाण काढली, लुगडी-धोतरं धुतली. ज्यांना मी जनावरं म्हणत होतो त्यांच्या तोंडाला पाणी लावत रात्र काढली. चांगुलपणा म्हणून हे सांगत नाही, दुसरं कुणी नव्हतं. काळं कुत्रं उकिरड्याशेजारी मरून पडलेलं मला सकाळी दिसलं.

डॉक्टर आले, मासे भोवले म्हणाले, पुड्या दिल्या, बाटलीतलं औषध दिलं. बायकोची नाडी बराच वेळ धरून बसले. तेव्हा मला सांगावंच लागलं, की तिला दिवस आहेत. सासूबाई बाजूच्या घोंगडीवरून मान उचलून माझ्याकडं बघायला लागल्या.

"तुमास्नी ठावं हुतं?" त्या म्हणाल्या. "मग बोलायचं तरी, पाव्हणं. मी पोरीला नुस्ती दूध-भाकर वाढली असती."

दोन दिवस ती कळा सोसत पडून होती. मूल राहतं की जातं, ते डॉक्टरही सांगेनात. मी उशाशी बसून होतो. सायकल तेव्हा डोक्यात नव्हती, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या.

मेंढा कापायचा आणि माझा रुसायचा दिवस तसाच गेला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे पहिल्यांदा उठून बसले. तोंड उतरलेलं, डोळे खोल गेलेले. माझ्याकडं बघून त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं.

"बघा, पाव्हण्यास्नी कायसुदिक झालं न्हाय," ते लेकांना म्हणाले. "आमी समदे आडवं झालो, त्ये खडखडीत. ह्येला म्हणत्यात बागाईतातलं अन्न. अंगात मुरल्यालं असतंय."

मेव्हण्यांनी पडल्या पडल्या माना डोलवल्या. खरंच अभिमानानं डोलवल्या.

बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती सावकाश वळली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली आणि ते सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून जुळत गेलेलं मला दिसलं: बाभळीखालचं "बघू", पंगतीतला घास, भरलेलं ताट, बाजेवरचं "बरं झालं".

"एक तुकडाबी उचललेला न्हवता," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती पुन्हा भिंतीकडं वळली.

मूल राहिलं. त्यात माझा हात काडीचा नाही, तिच्या हाडाचा असेल, नाहीतर नशिबाचा. माघात मुलगी झाली, चांगली धडधाकट. ती आता स्वतः आजी आहे. तो तलाव पुढं मोठ्या धरणाच्या फुगवट्याखाली गेला. सायकलही मिळाली. माझ्या पाहुणचारात खोट राहिली म्हणून सासऱ्यांना चैन पडेना, आणि मी शाळेला रोज चालत जातो हे ठाऊक असल्यानं दिवाळीला ती त्यांनी स्वतःहून, मी न रुसता, गाडीत घालून पाठवून दिली. मी ती शाळेच्या दारात उभी करायचो. नंतर नंतर मागच्या भिंतीला लावायला लागलो.

पण सांगायचं ते आमच्या घरातलं. श्रावणात ती माहेराहून परत आली त्या दिवशी आम्ही पुरुष जेवून उठलो आणि आईनं नेहमीप्रमाणं माझं ताट तिच्याकडं सरकवलं. ती उठली. फळीवरून दुसरं ताट काढलं, ते राखेनं घासलं, दोनदा धुतलं आणि त्यात वाढून घेतलं. आईचा हात हवेतच राहिला.

"हे काय नवीन?" आई म्हणाली.

"मला आता माजं ताट लागतं, आत्याबाई," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.

आईनं आकांडतांडव केलं, भावकीत बोभाटा झाला. एक दिवस बायकांनी तिला घेरून विचारलं, नवऱ्याच्या ताटात का जेवत नाहीस. मी आतल्या खोलीत कान देऊन बसलो होतो. तिनं कारण सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढं कधीही नाही. माझी अब्रू तिनं आजपर्यंत सांभाळली आहे. ती अब्रू कशी आहे, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

आता दोघंही म्हातारे झालो. सुना आहेत, नातसुना आहेत, ज्यानं त्यानं आपापलं ताट घ्यावं असा काळ आला आणि तिचं वेगळं ताट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मी कमी जेवतो, ताटात काही ना काही उरतं. ती ते उचलून दारात कुत्र्याला घालायला नेते. घालायच्या आधी, रोज, ती त्या उष्ट्याचा वास घेऊन बघते.